शंभरावं माणूस

खानेसुमारीचे मास्तर दारात आले तेव्हा बहिरू टांग्याला घोडा जोडत होता. गिऱ्हाईक घाई करत होतं आणि घोडा अडून बसला होता. घरात माणसं किती, असं सलाउद्दीन मास्तरांनी विचारलं. पट्टा ओढता ओढता बहिरू म्हणाला, दोन. बायकोचं नाव भागीबाई, वय चाळीस. मास्तरांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या दाराला गेले.

पुलावर पोहोचल्यावर बहिरूने लगाम खेचला. भागीबाईला जाऊन दोन महिने झाले होते. तिचा दहावा त्याने याच पुलाखाली गोदेच्या काठी केला होता. त्याने तिथल्या तिथे टांगा वळवला. गिऱ्हाइकाची गाडी चुकली, आणि त्यावर गिऱ्हाईक जे बोललं ते त्याने निमूट ऐकून घेतलं.

पण तो परत येईपर्यंत आळीची बेरीज झाली होती. बरोबर शंभर. खाजा कासाराने सगळीकडे सांगून टाकलं होतं, की ज्या आळीत शंभर डोकी भरतील तिला म्युनिसिपालटी नळ देणार. खाजा घरोघर बांगड्या भरायला जाई, त्यामुळे त्याच्या बातमीला सरकारी शिक्का असल्यासारखाच मान होता. आळीतल्या बायका नदीच्या पायऱ्या चढून पाणी आणत. त्या दिवशी त्यांच्यातली एकही नदीवर गेली नाही. नळ कुठे बसवायचा यावरच दोन भांडणं झाली.

बहिरू मास्तरांकडे धावला. आता खोडायचा अधिकार आपल्याला नाही, गुरुवारी तपासनीस साहेब येतील त्यांना सांग, असं मास्तर म्हणाले. हे आळीला कळलं आणि गुडघे धरून चालणारी गुलजारबी त्याच्या ओट्यावर येऊन बसली.

"बहिरूभाऊ, भाभीने जन्मभर नदीचं पाणी वाह्यलं. आता दोन दिवस आमच्यासाठी कागदावर राह्यली तर तिचं काय बिघडतं?"

बहिरूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घोड्याला तो दोनदा चारा घाली, नाहीतर मुळीच घालत नसे. खरं सांगावं तर नळ जातो. गप्प बसावं तर मेलेल्या बायकोच्या नावावर सरकारला फसवल्यासारखं होतं. आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. बहिरूला वाईट वाटेल म्हणून दोन महिने आळीत कुणी भागीबाईचं नाव काढत नव्हतं. आता जो तो तिच्याबद्दलच बोलत होता.

गुरुवारी साहेब आले. आदल्या दिवशी शेजारच्या आळीने त्यांना सहा माणसं नदीवर गेलीत म्हणून सांगितलं होतं आणि संध्याकाळपर्यंत एकही परतलं नव्हतं. तेव्हापासून साहेब माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नव्हते. म्हणून बायकांनी ठरवलं की शेजारच्या खंडेरावाचं घर तपासून झालं की त्याची बायको लंकाबाईने मागच्या दाराने बहिरूच्या घरात यायचं आणि पदर ओढून भागीबाई व्हायचं. बहिरूला कुणी विचारलंच नाही.

साहेबांनी नाव विचारलं. लंकाबाई म्हणाली, भागीबाई. वय? चाळीस. साहेबांनी मान वर न करता पुढचं विचारलं.

"नवऱ्याचं नाव?"

"बहिरू," लंकाबाई म्हणाली. अगदी खणखणीत.

गुलजारबीने कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"सकाळपासून बावीस बायकांना हे विचारलं. कुणी भिंतीकडे पाहिलं, कुणी शेजारणीकडून वदवलं. एकीनेही स्वतः नाव घेतलं नाही. बाई, तू कुणाची?"

लंकाबाईने पदर तोंडात धरला आणि दारातल्या गर्दीत उभ्या खंडेरावाकडे नुसतं बोट केलं.

मग सगळे एकदम बोलू लागले. खाजाने भागीबाईला पिंपळगावला माहेरी पाठवलं, गुलजारबीने तिला ताप आणला. साहेबांनी हात वर केला आणि बहिरूला विचारलं, "तू सांग. घरात माणसं किती?"

बहिरूने दारातल्या रिकाम्या घागरी पाहिल्या. गुलजारबीचे गुडघे पाहिले. हा आकडा त्याच्या तोंडून अजून निघाला नव्हता.

"एक," तो म्हणाला. आणि साहेबांनी टाक उचलल्यावर, "रेघ जरा हळू मारा साहेब."

साहेबांनी हळू मारली. नव्याण्णव झाले. एवढी खटपट कशासाठी, असं त्यांनी जाताना विचारलं, तेव्हा मास्तरांनी भीतभीत नळाचं सांगितलं.

"असं कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले. "आमच्या आळीत तीनशे माणसं आहेत. आमची मंडळी पाणी नदीवरूनच आणतात."

खाजाला त्या दिवशी बांगड्यांचं एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. बायकांनी मुकाट्याने घागरी उचलल्या. बहिरूनेही स्वतःची उचलली. खंडेराव मात्र ओट्यावर तोंड फिरवून बसला होता. जेवायला उठत नव्हता.

"लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच," तो बहिरूला म्हणाला. "वीस वर्षं झाली. माझं नाव परत हिच्या तोंडून आलं नाय. आणि तुझं बघ."

"खंडेराव," बहिरू म्हणाला, "बायकोच्या तोंडून माझं नाव मीबी आज वीस वर्षांनीच ऐकलं. आन ती बी तुझी निघाली."

खंडेराव उठला आणि घरातून दुसरी घागर घेऊन बहिरूच्या मागे पायऱ्या उतरू लागला.