मिठागरावरचे प्रोफेसर

कामावरून काढून टाकलं की कोणालाही वाईट वाटतं. प्रोफेसर चौबळांना आनंद व्हायचा. मुंबईच्या गोदीतून त्यांना अर्ध्या दिवसात काढलं होतं, एका गिरणीतून तासाभरात आणि रेवसच्या लाँचवरून तर लाँच सुटायच्या आधीच. "आजवर अकरा ठिकाणांहून मला काढलंय, गुरुजी," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. चेहऱ्यावर असा भाव, की विद्यापीठाने अकरा पदव्या दिल्या असाव्यात.

एक पदवी त्यांना विद्यापीठानेही दिलेली होती. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. माणसं कामासाठी गाव का सोडतात, ती जिथे जातात तिथल्या लोकांच्या मजुरीचं काय होतं, आणि परदेशी गेलेल्यांनी धाडलेल्या पैशाने मागे राहिलेल्या देशाचं काय होतं, या विषयावर ते इंग्रजीत एक मोठं पुस्तक लिहीत होते. त्यांचा नियम एकच. जे काम आपण निदान एक दिवस केलं नाही, त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहायची नाही. त्यामुळे पुस्तक फार हळू चाललं होतं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. धरमतरच्या खाडीकाठी धाकटी खार नावाचं आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. गावाभोवती मिठागरं, घरटी एक-दोन माणसं मिठावर आणि उरलेली मुंबईला. जानेवारी महिन्यात एका दुपारी हे गृहस्थ छत्री, ट्रंक आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोन महिने राहायला खोली हवी होती. आमच्या घरात पुढची खोली रिकामी होती, ती मी दिली.

आठ दिवसांत माझ्या बायकोने, सुशीलाने, त्यांच्याशी अर्थशास्त्र बोलायचं बंद केलं. तिने नारळ महागल्याची तक्रार केली, तर त्यांनी तिला अलिबाग आणि मुंबई हे दोन देश आहेत असं समजायला सांगितलं. इथून नारळ जातात, माणसं जातात. तिकडून मनिऑर्डरी येतात आणि चहाची सवय येते. या देवघेवीत तोटा कोणाचा, हे समजावून देता देता चुलीवरचं दूध उतू गेलं. "इतर सगळं तसंच राहिलं असं धरून चाललं तर, वहिनी," असं ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणायचे. सुशीला म्हणायची, दूधसुद्धा तसंच राहील असं त्यांनी धरलं होतं.

मिठावर त्यांनी कामाला जायचं ठरवलं तेव्हा मी त्यांना परोपरीने सांगितलं, की खाऱ्या पाण्यात उघड्या पायांनी उभं राहणं हे सवयीच्या माणसाचं काम आहे. ऐकलं नाही. हिराजी म्हणून आमच्या गावातला पंचावन्नएक वर्षांचा माणूस एका टोळीचा पुढारी होता. उंच, काळाभोर, बोलायला कमी. त्याच्या हाताखाली प्रोफेसर उभे राहिले. वाफ्यात जमलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीने कडेला ओढायचं, मग टोपल्या भरून राशीवर नेऊन टाकायच्या. प्रोफेसरांनी पहिल्या तासात फळी मोडली. दुसऱ्या तासात ते स्वतःच पडले. बारा वाजता हिराजीने त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली आणि बांधावर बसायला सांगितलं. प्रोफेसरांनी ताबडतोब खिशातून वही काढून त्यात लिहिलं, 'बारा वाजता काढून टाकलं.' घरी आले तेव्हा तळपाय फाटून रक्त येत होतं. सुशीलाने खोबरेल तेल कोमट करून दिलं आणि ते लावताना प्रोफेसर आम्हाला सांगत होते, की मिठागरावरची मजुरी खरोखर किती कमी आहे हे त्यांना आज पायांनी कळलं.

गावाला मात्र तो माणूस आवडला. 'चौबलसाब' म्हणून लोक त्यांना हाक मारू लागले. शहाण्या माणसाने आपल्याबरोबर पडावं, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

पंधरवडा झाला असेल नसेल, तेवढ्यात गावावर एक संकट आलं. आमच्याकडची तरणी पोरं गोदीकडे निघून जात असल्यामुळे मिठागराच्या शेठला माणसं कमी पडत होती. त्याच्या मुकादमाने घाटावरून पंचवीस कुटुंबं आणली. खाडीच्या बांधालगत त्यांनी झोपड्या घातल्या. गावात बोलणं एकच सुरू झालं, की ही घाटी माणसं अर्ध्या पैशात राबतील आणि आपली मजुरी उतरेल. मारुतीच्या देवळात सभा भरली. कोणी मारामारीची भाषा केली नाही. तसं करायची गरजच नव्हती. आमच्या भागात गोड्या पाण्याचं तळं एकच, आणि ते गावाचं. घाटी माणसांना तळ्याला हात लावू द्यायचा नाही, एवढं ठरलं असतं तरी तीन दिवसांत झोपड्या रिकाम्या झाल्या असत्या.

हिराजी म्हणाला, चौबलसाब शिकलेले आहेत, त्यांना विचारू.

प्रोफेसर उठले. पुढची वीस मिनिटं ते फार चांगलं बोलले. इतकी पोरं मुंबईला गेली आहेत, की कितीतरी वाफे नुसते पडून आहेत. हात वाढले तर वाफे वाढतील, मीठ वाढेल, ते न्यायला गलबतं जास्त येतील आणि त्यावर चढउताराचं काम गावालाच मिळेल. आलेला माणूस तुमचं काम घेत नाही, पडून राहिलेलं काम उचलतो. तुमची मजुरी उतरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, लिहून द्याल काय? प्रोफेसरांनी तिथल्या तिथे वहीचा कागद फाडून लिहून दिलं आणि खाली सही केली.

गावाने पाणी दिलं. फेब्रुवारीअखेर प्रोफेसर मुंबईला परतले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मजुरी दिवसाला दोन आण्यांनी उतरली.

मी त्यांना पत्र घातलं. खरं तर रागानेच घातलं, कारण गावातले लोक आता मलाही विचारू लागले होते. उत्तर येईल असं वाटलं होतं, पण ते स्वतःच आले. कॉलेजच्या परीक्षा चालू असताना रजा काढून आले. चहासुद्धा न घेता मला म्हणाले, "गुरुजी, मला सगळ्यांची घरं दाखवा."

त्या दिवशी आम्ही गावातली एकूणएक घरं पालथी घातली. प्रत्येक दारात प्रोफेसर उभे राहत, हात जोडत आणि म्हणत, "माझं चुकलं. मी सांगितलं तसं झालं नाही." दुसरं काही नाही. सबब नाही, आकडे नाहीत. भांडायच्या तयारीत असलेली माणसं गांगरून जायची. काय करावं न सुचून बायका आत जाऊन चहा टाकायच्या किंवा ताक आणायच्या. माफी मागायला आलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. दहाव्या घरानंतर त्यांना चालवेना, पण त्यांनी एकही घर सोडलं नाही.

सगळ्यांत शेवटी हिराजीचं घर आलं. हिराजीने सगळं ऐकून घेतलं. आतून चहा आला नाही. मग तो म्हणाला, "माजा बलीराम परवा गेला मुंबईला. बोलला, दोन आने कमी घेन्यापरीस गोदी बरी. एकच पोऱ्या हाय माजा, साब."

बळीराम बावीस वर्षांचा होता. बाकीची पोरं गेली तेव्हाही तो मागे राहिला होता. आई गेल्यावर बापाला एकटं टाकायचं नाही म्हणून.

प्रोफेसरांनी पुन्हा हात जोडले. परत येताना वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर हे गृहस्थ नाहीत. सुशीला म्हणाली, खाकी चड्डी घालून गेलेत, घाटी लोकांबरोबर कामाला. सगळ्या घरांची माफी झाली होती, पण तिकडच्या झोपड्यांतल्या लोकांबरोबर आपण कधी एक दिवसही काम केलं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. या वेळी बारा वाजून गेले तरी त्यांना कोणी काढलं नाही. त्या टोळीत ताऱ्हूबाई म्हणून एक चाळिशीची बाई होती, तिने त्यांना अर्धीच टोपली उचलायला शिकवलं. दुपारी भाकरी खाऊन पुन्हा पाण्यात उतरल्यावर ती सहज म्हणाली, की गाववाल्यांनी फार वाईट केलं. प्रोफेसरांनी विचारलं, काय केलं?

"मजुरी पाडली न्हवं का त्यांनी," ताऱ्हूबाई म्हणाली. "मुकादम म्हनला, गाववाले दोन आने कमी घ्यायला तयार झालेत, तुमाला बी तेवढंच मिळंल. न्हाईतर चालू लागा म्हनला."

प्रोफेसर होते तिथेच, मिठाच्या पाण्यात, खाली बसले. कारण हिराजीच्या टोळीला मुकादमाने सांगितलं होतं, की घाटी लोक दोन आणे कमी घ्यायला तयार झालेत. दोन महिने एका तळ्याचं पाणी पिऊन ही दोन्हीकडची माणसं एकमेकांशी एक वाक्य बोलली नव्हती. गाववाल्यांच्या दृष्टीने ते घाटी, आणि त्यांच्या दृष्टीने हे मासळीच्या वासाचे.

तसेच ओल्या चड्डीने ते शाळेत आले. मी मुलांना पाढे म्हणायला लावले होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, "गुरुजी, माझ्या पुस्तकात मालक आहे, मजूर आहे, बाहेरून आलेला मजूर आहे. मुकादमच नाही. सहा वर्षं लिहितोय, आणि मुकादम घालायचाच राहिला."

रविवारी शाळेच्या पडवीत त्यांनी हिराजी आणि ताऱ्हूबाईला समोरासमोर बसवलं. आपण काही बोलणार नाही, असं मला आधी वचन दिलं होतं आणि कष्टाने का होईना, ते पाळलं. दोघांनी एकमेकांना काय सांगितलं गेलं ते सांगितलं. हिराजीने तीनतीनदा विचारून खात्री केली. मग उठताना ताऱ्हूबाईला म्हणाला, उद्या आमी न्हाय उतरत पान्यात. ती म्हणाली, मग आमीबी न्हाई.

सोमवारी मिठागरावर कोणी उतरलं नाही. मंगळवारीही नाही. ऐन हंगामात वाफे भरून पांढरे झाले होते. बुधवारी शेठ स्वतः पेणहून आला. मजुरी उतरलीय, हे त्यालाच पहिल्यांदा कळत होतं, कारण त्याच्याकडून पैसे पुरे जात होते. दोन्ही टोळ्यांचे दोन दोन आणे मुकादम खिशात घालत होता. "आ शुं छे?" असं तो मुकादमाला दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा काही न म्हणता त्याला आपल्या बैलगाडीत बसवून घेऊन गेला. गुरुवारपासून मजुरी पूर्वीसारखी झाली. मुकादम परत दिसला नाही.

गाव खूश झालं. म्हाताऱ्याने प्रोफेसरांचा सहीचा कागद जपून ठेवला होता, तो आता खरा ठरला म्हणून सगळ्यांना दाखवू लागला. प्रोफेसर मात्र तेवढे खूश दिसले नाहीत. बळीरामला मी परत ये म्हणून पत्र घातलं होतं. त्याचं उत्तर आलं, की गोदीत काम लागलंय आणि तिथल्या मुकादमाने पैसे घेऊनच लावलंय, तेव्हा आता लगेच सोडता येणार नाही. प्रोफेसरांनी पत्र दोनदा वाचलं, त्यावरचा पत्ता वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या लाँचने गेले.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या कामासाठी मुंबईला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. गिरगावात एका चाळीत दोन खोल्या. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, बसा, डबा घेऊन गेलेत गोदीकडे, पोराला ताप आहे ना. कोणत्या पोराला, हे मला कळेना. प्रोफेसर अविवाहित होते. बाईंनी सांगितलं, दर रविवारी एक उंच काळासा मुलगा जेवायला येतो, गावाकडचा आहे म्हणतात. प्रोफेसर स्वतः स्वयंपाक करतात आणि भात दर वेळी खाली लागतो. पोरगा बिचारा गुमान खातो.

तासाभराने प्रोफेसर आले. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण त्यांनी आधी डबा उघडून किती उरलंय ते पाहिलं. "आज निम्मं खाल्लं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे. काल रात्रीपासून उतरलाय."

मी म्हटलं, प्रोफेसर, एवढी धावपळ तुम्ही करता? तिकडे त्याच्या खोलीवर गावची माणसं असतीलच की.

त्यांनी डबा घासायला घेतला. माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "मला एक धाकटा भाऊ होता. मधू. त्याला इथे नोकरी होती, पण आफ्रिकेत मोंबाशाला पाचपट पगार मिळत होता. मी सगळं मांडून दाखवलं आणि म्हटलं, जा. आठव्या महिन्यात तिथे तापाने गेला. साधाच ताप होता. जवळ कोणी नव्हतं, इतकंच."

डबा स्वच्छ झाल्यावरही ते तो घासत राहिले होते.

निघताना ते जिन्यापर्यंत पोचवायला आले. "हिराजींना सांगा, ताप उतरला," ते म्हणाले. "आणि हे पाहा, ताप आला होता हे मात्र सांगू नका. उगीच काळजी करतील."

हे कसं जमवायचं, ते मला त्यांना विचारता आलं नाही. गावी पोचल्यावर मी हिराजीच्या घरी गेलो आणि बळीरामचा ताप उतरलाय असं सांगितलं. हिराजीने साहजिकच विचारलं, ताप कवा आल्ता? मग मला सगळंच सांगावं लागलं. रविवारची जेवणं, डबा, लागलेला भात, आणि मोंबाशाचा मधूसुद्धा.

हिराजीने विचारलं, "चौबलसाबांचे घरान कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोन न्हाय कसा?" हिराजी म्हणाला. "बलीराम हाय ना."