तात्यारावांचा पाठिंबा

मास्तरांचा संप दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. पण तात्यारावांनी आदल्या संध्याकाळीच बशीतला चहा फुर्रकन ओढून जाहीर करून टाकलं, "बिदरच्या साहेबांचं फर्मान हाय. शाळा उघडी पायजे, पोरं बसलेली पायजेत, पाढे ऐकू आले पायजेत. बसवकल्याणात एक बी शाळा बंद पडणार न्हाई!"

तात्याराव म्हणजे शिक्षण खात्याचे तालुक्याचे साहेब. अन् समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी, विमलबाई, मराठी शाळेच्या बाई. म्हणजे उद्यापासून संपावर!

"शिकवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मानसांना काय तोटा हाय? श्रीमंत पैलवान हाय, मल्लप्पा कंडक्टर हाय."

विमलबाई हसल्या. ते हसणं तात्यारावांना तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी मराठी शाळेत श्रीमंत पैलवानानं तिसरीची पोरं मैदानात नेली अन् कवायत म्हणून आखाडाच खणायला लावला. पोरं चिखलानं अशी माखली, की आयांनाही आपापलं पोर ओळखू येऊ नये! तिकडं चौथीच्या वर्गात आठवडी बाजार भरला होता. मल्लप्पा नोकरीतून निवृत्त झाला होता, पण शिट्टी अजून खिशात होती. त्यानं ती फुंकली.

"गाडी उमरग्याला जायलीय! फुडच्याचा सदरा धरा!"

सगळी पोरं एका दमात रांगेत! दारातून बघणारे तात्याराव खूश झाले. "शाबास मल्लप्पा!" म्हणत ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दुपारी बिदरचे साहेब येणार होते, केस विंचरायचे होते.

इकडं एका पोरानं विचारलं, "गाडी हलत कामून न्हाई?"

भरलेली गाडी उभी ठेवायची? मल्लप्पाला ते जमेना. दोन शिट्ट्या झाल्या, अन् गाडी फाटकाबाहेर पडली. चिखलातली तिसरीसुद्धा मागं लटकली, अन् तिच्यामागं उरलेले वर्ग.

तात्याराव बाहेर येऊन बघतात तर शाळेत एकटा पैलवान, हातात फावडं!

"पोरं कुठं गेली रे?"

"उमरग्याला!"

तात्यारावांनी धोतराचा सोगा धरून बाजाराच्या दिशेनं धूम ठोकली. रांग गाठली. थांबवायला म्हणून शेवटच्या पोराचा सदरा मागून धरला, तर ते पोर ओरडलं, "कंडक्टर, अजून एक सीट चढलं!" अन् साहेब ओढले जाऊ लागले.

गाडी तहसील कचेरीसमोर आली. तिथं कडुलिंबाखाली संपवाल्यांचा मांडव. पोरांना बाई दिसल्या, अन् उमरगा विसरून सगळी पोरं "बाई! बाई!" करत मांडवाकडं धावली.

संपवाल्यांनी काय पाहिलं? शे-दीडशे पोरांचा मोर्चा, अन् मागं घामाघूम झालेले खुद्द साहेब!

"साहेबांचा पाठिंबा! तात्याराव साहेब झिंदाबाद!"

कुणीतरी हार घातला. तात्याराव हात हलवत ओरडले, "न्हाई! न्हाई!"

"मागं हटणार न्हाई!" मांडवानं वाक्य पुरं केलं.

नेमकी त्याच वेळी बिदरची जीप येऊन थांबली. मोठे साहेब आतूनच गरजले, "एन्री तात्याराव, इदु? काय चाललंय हे? मी शाळा चालू ठेवा म्हणालो होतो!"

तात्यारावांनी घाईघाईनं गळ्यातला हार काढला. नोकरी गेलीच, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात विमलबाई उठल्या. नवऱ्याकडं बघितलंही नाही. "सावलीत बसा रे सगळे. बे एके बे!"

मघाशी गाव डोक्यावर घेतलेली पोरं मांडी घालून बसली. बेचा झाला, तीनचा झाला, पावकी सुरू झाली. कानडी शाळेच्या मास्तरांनीही ताल धरला. मोठे साहेब जीपमधून उतरले अन् झाडाला टेकून ऐकत राहिले. त्यांच्या लहानपणी त्यांनाही कुणीतरी असंच पाठ करवलं असणार.

"चालू आहे की शाळा," ते हळूच म्हणाले, अन् निघून गेले.

घरी आल्यावर तात्याराव पुटपुटले, "माजी लाज राखलीस."

"तुमची कामून? पोरं उन्हात उभी होती."

पुढं कितीतरी वर्षांनी तात्याराव निवृत्त झाले. निरोपाला सगळ्या तालुक्यातले मास्तर लोटले होते. मास्तरांचा पुढारी बोलायला उठला, "संपाला पाठिंबा देणारा असा एकच साहेब आम्ही पाहिला! नोकरीची पर्वा न करता भर बाजारातून मोर्चा आणला!" टाळ्या थांबता थांबेनात.

खरं काय ते आज सांगूनच टाकावं, म्हणून तात्याराव उभे राहिले. पुढच्याच रांगेत विमलबाई डोळे पुसत होत्या. रडत होत्या की हसत होत्या, कोण जाणे!

तात्यारावांनी घसा खाकरला.

"ते माझं कर्तव्यच होतं," ते म्हणाले, अन् खाली बसले.