दोन वर, दोन खाली

"मोजमापाचंच काम आहे ना? मग तू निर्धास्त राहा!" टेपने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "डोकं मोजणार, पोट मोजणार, मांडीचं हाड मोजणार. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?"

टेप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो फर्निचर बनवायचा, आणि मोजायची टेप कमरेला अडकवल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा जायचा नाही, म्हणून अख्खी गल्ली त्याला टेप म्हणायची. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ती टेप दिसते. जणू नवरदेव हॉलची दारं बसवायला आला होता!

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. तिला पाचवा महिना लागला होता. ओकाऱ्या थांबल्या होत्या, चेहऱ्यावर तजेला आला होता, पाठ मात्र संध्याकाळपर्यंत बोलू लागायची. आणि आज ती मोठी सोनोग्राफी होती, ज्यात बाळाचा एकेक अवयव नीट बघतात. बायको ठीक होती. घाबरला होता तो टेप! पण घाबरली की माणसं गप्प होतात, टेप बडबडायचा.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या पोटावर गार जेल लावलं तेव्हा "आई गं!" टेपच ओरडला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हे बघा, मी मधेच बराच वेळ बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्थ काही बिघडलंय असा नाही. मी मापं घेत असते."

"अगदी बरोबर! माप घेताना मीही बोलत नाही," टेप म्हणाला आणि पुढे बोलतच राहिला. "हे डोकं का? बाहेरच्या कडेपासून मोजता की आतल्या? मांडीचं हाड तिरकं धरलंय का तुम्ही? नाही, तिरकं धरलं की माप कमी भरतं. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाचं कपाट असंच—"

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी?"

"नाही, तुमचं कपाट!"

बायकोने हसू दाबलं. टेप निमूटपणे उठला आणि दाराबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसला. दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत शांतता होती. इतकी शांतता, की त्याला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. बाई बोलत का नाहीयेत? 'मापं घेतायत,' त्याने स्वतःला बजावलं. पण इतकी मापं? अख्ख्या स्वयंपाकघराची मापं घ्यायलासुद्धा त्याला एवढा वेळ लागत नसे!

आणि तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्या आपल्या मदतनीस मुलीला लिहायला सांगत होत्या.

"चारही दिसतायत. छान! दोन वर, दोन खाली. मधली भिंत शाबूत."

टेप खुर्चीवरून उठला. मग बसला. मग पुन्हा उठला.

चार!

दोन वर, दोन खाली! हॉस्टेलच्या दुमजली पलंगांवर झोपल्यासारखी! आणि मधे भिंत! बायकोच्या पोटात त्याच्या परवानगीशिवाय अख्खी चाळ उभी राहिली होती!

खरं तर त्याने तिथल्या तिथे आत शिरून विचारायला हवं होतं. पण एकदा बाहेर काढलेला माणूस पुन्हा आत जायला धजावत नाही. आणि तसंही, बाप म्हणून आता एक क्षण दवडून चालणार नव्हतं. तो धावत जिन्याने खाली गेला आणि त्याने कारखान्यातल्या भागीदाराला फोन लावला.

"ऐक! पाळणे करायचेत. चार!"

"कुणाची ऑर्डर?"

"माझी! मला चार होणारेत!"

पलीकडे भागीदाराच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "अरे पण लाकूड कुठंय? इथे फक्त वाचनालयाच्या लांब टेबलाच्या फळ्या आहेत."

"त्या काप!"

"त्या सागवानी आहेत!"

"वाचनालय थांबेल! माणसं थांबणार नाहीत!"

मग त्याने आईला फोन केला. आई निवृत्त मुख्याध्यापिका. आनंद झाला तरी आधी चूक शोधणारी.

"चार? मग मागच्या सोनोग्राफीत एकच कसं दिसलं?"

टेपने क्षणभर विचार केला. "एकामागे एक उभे असतील."

"हं," आई म्हणाली. "शक्य आहे. माझ्या वर्गातही मागच्या बाकावरची कार्टी अशीच लपायची. बरं, तू सुनेकडे बघ. बाकीचं मी पाहते."

'बाकीचं मी पाहते' हे आईचं वाक्य ऐकून पूर्वी अख्ख्या शाळेच्या अंगावर काटा यायचा. पण टेपच्या डोक्यात तेव्हा भिंत आणि दोन मजले सोडून दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

तो वर आला तर बायको कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती. तो तिच्याकडे असा धावला, जणू ती काचेची होती आणि कुणीतरी तिला टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं होतं.

"तू चालतेयस कशाला?"

"त्यांनीच सांगितलं. थोडं फिरून या म्हणाल्या."

"तुला... कळलं ना?"

"हो." तिचे डोळे भरून आले. "चारही नीट आहेत म्हणाल्या. मला रडूच आलं रे! त्याचीच धास्ती होती मला."

"तुला आधीपासून शंका होती?"

"प्रत्येकीला असते."

टेप चाट पडला. प्रत्येकीला! आणि आपल्याला कुणी बोललं नाही! "तू फार खंबीर आहेस," तो गहिवरून म्हणाला.

"आता फक्त चेहरा बघायचा राहिलाय. पालथं पडलंय."

"कोण?"

"कोण म्हणजे? बाळ!"

"कुठलं?"

बायको चालता चालता थांबली. "कुठलं काय विचारतोस? आपलं!"

"हो, हो, आपलंच. पण बाकीच्यांचं काय?"

"बाकीचं सगळं बघून झालंय."

टेपने मान डोलावली. आता त्याला सगळा उलगडा झाला होता. तिघं शहाण्यासारखी सरळ झोपली होती आणि एक बापावर गेलं होतं!

मदतनीस मुलीने आत बोलावलं. "गप्प बसणार असाल तर तुम्हीही या," डॉक्टरीणबाई टेपला म्हणाल्या. त्याने ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर करड्या ढगांतून हळूच एक नाक वर आलं. मग ओठ. मग गालावर एक इवलीशी मूठ.

"हे बघा, आता वळलं. काही दिवसांत हालचाल नीट जाणवायला लागेल. सुरुवातीला नुसती फडफड असते, बाहेरून हाताला लागायला आणखी थोडा वेळ जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टेपने ओठांवरचं बोट काढून विचारलं, "आता बाकीची तिघं दाखवता?"

डॉक्टरीणबाईंचा यंत्रावरचा हात थांबला.

"कोण तिघं?"

"म्हणजे... वरचं दुसरं, आणि खालची दोन. भिंतीपलीकडची."

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही चुकीचं वाचलं, तर ती अशीच पाहायची. मदतनीस मुलगी तोंड दाबून कोपऱ्याकडे वळली. आणि डॉक्टरीणबाईंनी, इतका वेळ दगडासारख्या बसलेल्या त्या बाईंनी, चष्मा काढून डोळे पुसायला घेतले.

"अहो, ते हृदय! हृदयाला चार कप्पे असतात! दोन वर, दोन खाली! हे बघा."

त्यांनी चित्र मोठं केलं. काळ्या-करड्या पडद्यावर चार तावदानांची एक इवलीशी खिडकी होती आणि ती भराभर उघडझाप करत होती. टेप पुढे झुकला. त्याने माप विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. बायकोने त्याचा हात धरला तेव्हा तो तिला ओला लागला; जेलमुळे असेल असं तिने त्याच्या अब्रूखातर मानून घेतलं.

बाहेर आल्यावर मात्र तिने विचारलं, "कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

तिने भुवया उंचावल्या.

"आईला. आणि भागीदाराला. बस्स."

त्याने तिथूनच भागीदाराला फोन लावला. पलीकडे करवत किंचाळत होती. "थांब! अरे थांब! एकच!"

"हो, एकच उरलीय फळी!" भागीदार ओरडला. "तीही घेतो!"

बायकोचा फोन त्याच वेळी वाजला. चष्म्याच्या दुकानाचे मालक होते.

"अभिनंदन! तुमच्या सासूबाईंचा फोन आला होता. तुम्ही आता नोकरी सोडताय, म्हणाल्या. बरोबरच आहे. चौघांना कोण बघणार? मी लगेच दारावर पाटी लावलीय, नजर तपासायला माणूस पाहिजे म्हणून. दोघं येऊनही गेले!"

"सर, पाटी काढा! मी सोमवारी कामावर येतेय!"

"मग त्या चार मुलांचं काय करणार?"

तिने टेपकडे असं पाहिलं, की त्याने जिन्याच्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली.

घरी पोहोचले तर बैठकीची खोली ओळखू येईना. आईने गल्लीभर बातमी पोहोचवली होती. कुणी जुनी अंथरुणं आणली होती, कुणी झबल्यांची गाठोडी. समोरच्या काकांनी तर लहान मुलांची शी-शूची चार भांडी रांगेत मांडली होती! आई मधोमध उभी राहून हातवारे करत वाटणी करत होती.

टेपने हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हृदय, कप्पे, भिंत, सगळं.

"म्हणजे एकच?" काकांनी हिरमुसून विचारलं.

"एकच," बायको म्हणाली. "आणि डोक्यापासून पायापर्यंत ठणठणीत."

आई पुढे आली. तिने सुनेला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग लेकाकडे वळली. "हृदयाचे कप्पे शाळेत मी स्वतः शिकवले होते तुला. तेव्हाही खिडकीबाहेर बघत होतास!" मग तिने स्वतःच दुकानाच्या मालकांना फोन करून माफी मागितली. मुख्याध्यापिका माफी मागते म्हणजे काय, हे त्या मालकांना पुरतं समजलं नाही. त्यांना वाटलं, आपल्यालाच काहीतरी शिक्षा झालीय. त्यांनी तिथल्या तिथे पाटी उतरवली.

मंडळी आपापली गाठोडी उचलून गेली. वाचनालयाला काय सांगायचं याचा विचार करत टेप बायकोशेजारी सोफ्यावर बसला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "पण खरं सांगू? चौघांची भीती नाही वाटली मला. आत शांतता होती ना, तेव्हाच काय ती वाटली."

बायकोने त्याचा हात उचलून आपल्या पोटावर ठेवला. आणि एकदम टेप ताठ झाला.

"लागलं! शप्पथ! हाताला लागलं! लाथ मारली! केवढी जोरात! ऐकूसुद्धा आली!"

"हात काढ," बायको म्हणाली. "ते बाळ नाहीये. पोट गुरगुरतंय माझं. सकाळपासून चार-चार जणांची काळजी केलीत सगळ्यांनी, मला एकाने तरी विचारलंत का, जेवलीस का म्हणून?"