चष्मेवाल्यांचे शर्ट

यजमान आंघोळ करून, भांग पाडून नाश्त्याला येऊन बसले, तेव्हा बाईंचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. गडद निळा रंग, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा, कॉलर कडक. शर्ट झकास होता. अडचण एवढीच, की तो बाईंनी आणलेला नव्हता, आणि लग्न झाल्यापासून या घरात शर्ट आणण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं.

"हा कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"कपाटातून," यजमान म्हणाले आणि टोस्टला लोणी लावू लागले.

आणखी खोदून विचारल्यावर कळलं, की कपाटात असे बरेच आहेत. गेला आठवडाभर ते तेच घालत होते. लाँड्रीवाल्याने धुऊन, इस्त्री करून आणून दिले, त्यांनी हँगरला लावले. बाईंनीच नवे घेतले असतील असं त्यांना वाटलं. विचारलं का नाही, तर बाई मशीनवर असताना काहीही विचारलं तरी "हं" एवढंच उत्तर येतं, म्हणून. शिवाय शर्ट अंगाला इतके बेतशीर बसत होते, की उगाच चौकशी करून विषय कशाला काढायचा. वाचनालयात तर दोघांनी त्यांना तब्येत सुधारल्याचं सांगितलं होतं.

बाईंच्या हातातला चमचा हातातच राहिला. या रेघा त्यांनी पाहिल्या होत्या, पण घरात नव्हे. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले आपल्या दुकानात काउंटरवरून पुढे वाकून गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायचे, तेव्हा या रेघा अगदी डोळ्यांसमोर यायच्या. आणि चष्मेवाल्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

बाईंनी सावकाश मान वळवली. दिवाणखान्यात मशीनवर गोधडी ताणून बसवलेली होती. चष्मेवाल्या वहिनींना द्यायची, त्यांच्या यजमानांच्या शर्टांची आठवण-गोधडी. फिकट आकाशी, बिस्किटी, राखाडी. बाई उठून जवळ गेल्या. मधल्या रांगेतल्या एका बिस्किटी त्रिकोणावर शाईचा डाग होता. हा डाग त्यांनी कापतानाही पाहिला होता. 'वहिनींच्याही नशिबी गळकं पेन खिशात ठेवणारा माणूस होता म्हणायचा,' असं वाटून तेव्हा त्यांना जरा बरंच वाटलं होतं.

त्या मटकन खाली बसल्या. सोफ्यावर नव्हे, सोफा गॅलरीत होता. दिवाणखाना मशीनने व्यापला होता.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी हे लाँगआर्म मशीन घेतलं. साध्या शिवणयंत्रात सुई जागेवर असते आणि कापड फिरतं. यात कापड दोन लांब दांड्यांवर ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकंच दोन मुठी धरून त्यावरून फिरवायचं. खाली अस्तर, मधे कापूस, वर तुकड्यांची जोडणी, असे तिन्ही थर एकदम शिवून निघतात. मशीन आलं आणि बाईंनी माणुसकीचा सपाटाच लावला. आधी लेकीला गोधडी झाली, मग जावयाला, मग व्याह्यांना, मग लेकीच्या घरमालकाला. जावई घर बदलताना फ्रीज आपल्या गोधडीत गुंडाळतो, असं लेकीच्या तोंडून एकदा निसटलं होतं. नातेवाईक संपल्यावर बाई इस्पितळाकडे वळल्या आणि तिथून वृद्धाश्रमाकडे. वृद्धाश्रमाच्या मेट्रनने परवाच फोन करून, मावशी, तुमचे हात असेच चालत राहोत, पण आमची कपाटं भरली, असं फार आदराने सांगितलं होतं. बाईंची शिलाई पक्की असे, नक्षीबद्दल मात्र मतभेद होते. त्या पिसं काढत. लोक माशांचं कौतुक करत.

वहिनींच्या गोधडीची कल्पनाही बाईंचीच. भाऊजींचे शर्ट नुसते कपाटात पडून राहण्यापेक्षा अंगावर ऊब होऊन राहतील, असं त्यांनी खाली जाऊन पोटतिडकीने सांगितलं. वहिनींनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, मग आत जाऊन शर्टांची पिशवी घेऊन आल्या. त्यांना भरून आलं असणार, अशी बाईंनी समजूत करून घेतली. पिशवी वर आणून बाईंनी आपल्या दाराशी ठेवली. दाराशी लाँड्रीची पिशवीही होती. दोन्ही एकाच दुकानातल्या, सारख्याच हिरव्या. लाँड्रीवाल्याने त्यातली एक उचलली. उरलेली बाईंनी उचलली आणि फूटपट्टी लावून तिच्यातल्या शर्टांचे काटेकोर त्रिकोण पाडले. उभा जन्म मुलांच्या वहीत लाल शाईने 'निष्काळजीपणा' असं लिहिण्यात गेला, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा पिशवीत डोकावून खात्री करायचं काही सुचलं नाही.

यजमान टोस्ट संपवून गोधडीपाशी आले. वाकून, चष्मा वर करून त्यांनी एकेक रांग पाहिली.

"हा माझा आकाशी," ते म्हणाले. "आणि हा पेन्शनच्या फोटोतला."

"हो."

"हे सगळे तूच आणलेले. कापताना ओळखले नाहीस?"

"तुम्ही आठवडाभर दुसऱ्याचे घालून हिंडलात. तुम्ही ओळखलेत?"

यजमानांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं, पण वर्गात शेवटचा प्रश्न आपण विचारायचा ही सवय हाडीमाशी मुरली होती. खरं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हे फिके शर्ट कापताना, हे असले रंग रोज बघून वहिनी कंटाळल्या कशा नाहीत, असा विचार त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा केला होता.

संध्याकाळी वहिनी गोधडी न्यायला येणार होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येणार होता, आणि त्याला ती दाखवायची होती. बाईंनी यजमानांना तो निळा शर्ट आधी काढून ठेवा असं सांगितलं आणि अस्तराच्या टोकाचा गुंता सोडवायला मशीनखाली शिरल्या. यजमानांना वाटलं, संध्याकाळपर्यंत काढला की झालं. ते पेपर आणायला खाली गेले आणि थोड्याच वेळात फिके पडून परत आले.

जिन्यात वहिनी भेटल्या होत्या. यजमान वळणावर पाठमोरे उभे होते. मागून काही तरी पडल्याचा आवाज आला म्हणून वळून बघतात, तर वहिनींच्या हातातली दुधाची पिशवी खाली आणि वहिनी पायरीवर बसलेल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"पिशवी उचलून दिली. फुटली नव्हती."

"त्या काय म्हणाल्या?"

"शर्ट छान दिसतोय म्हणाल्या."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हिने आणला."

बाईंनी डोक्याला हात लावला. खरं काय ते सरळ खाली जाऊन सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. पण सांगणार काय? तुमच्या यजमानांची आठवण म्हणून माझ्या यजमानांना पांघरून घ्या? त्यापेक्षा गोधडीत निदान थोडे तरी चष्मेवाले घालावेत, अशी युक्ती त्यांना सुचली. सगळी गोधडी उसवून नवी करायला वेळ नव्हता, पण त्यांच्या शर्टांचे खिसे काढून वरून शिवता आले असते. खिसा म्हणजे तर माणसाच्या काळजाजवळची जागा. ही कल्पना बाईंना इतकी आवडली, की आपण मुळात चूक निस्तरतो आहोत हेही त्या क्षणभर विसरल्या.

त्यांनी कपाटातले सगळे शर्ट काढले आणि खिसे उसवायला घेतले. खिसे नीट निघाले. पण खिशाखालचं कापड इतकी वर्षं उन्हापाण्यापासून वाचलेलं. आता प्रत्येक शर्टाच्या छातीवर मूळ रंगाचा एक गडद चौकोन उमटला. म्हणजे यजमानांचे शर्ट गेलेच होते, आता चष्मेवाल्यांचेही गेले. यजमान बनियनवर खुर्चीत बसून हे पाहत होते. संध्याकाळी मी काय घालू, असं त्यांनी हळूच विचारलं. बाईंनी "हं" म्हटलं.

मग खिसे टाचून त्यांनी मशीनच्या मुठी धरल्या. वेळ कमी, पण मशीन नेहमीसारखं लोण्यावरून फिरावं तसं फिरलं. खिशाभोवती एक चौकोन, पुढच्या खिशाभोवती दुसरा, सगळे कोपरे काटकोनात. काम संपवून गोधडी दांड्यांवरून उतरवली, कडा दुमडून शिवल्या आणि मागे सरून पाहिलं, तेव्हा गडद खिसे फिक्या त्रिकोणांवर खरोखर उठून दिसत होते. बाईंच्या जिवात जीव आला.

वहिनी आल्या. यजमानांनी घरात होता तेवढा एक कपडा, म्हणजे थंडीतलं जाड जाकीट, गळ्यापर्यंत चेन लावून घातलं होतं. पंख्याखाली बसूनही ते घामाने निथळत होते. वहिनींनी विचारपूस केली. कणकण आहे जरा, असं ते म्हणाले.

बाईंनी गोधडी उलगडली. वहिनी तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. ती शांतता बाईंना सोसवेना. सोसवेना की बाई शिकवू लागत. त्यांनी बोट ठेवून ठेवून सांगायला सुरुवात केली. हा आकाशी भाऊजी फार वापरत असतील, कापड मऊ झालंय बघा. हा राखाडी जपून वापरलेला दिसतो. हा बिस्किटी, यावर डाग आहे, पण मुद्दाम ठेवला, तेवढीच खूण. वहिनी प्रत्येक वेळी "हो का" म्हणत होत्या. खुर्चीतून यजमान खोकले.

"आणि हे खिसे," बाई म्हणाल्या. "यात हात घालून बघा, वहिनी."

वहिनींनी हात घालून पाहिला. हात जाईना. त्यांनी दुसरा खिसा पाहिला, तिसरा पाहिला.

"बाई, याला तोंड कुठाय?"

बाईंनी वाकून पाहिलं. सगळे खिसे चारी बाजूंनी शिवलेले होते. चौकोनाला चार बाजू असतात, हे बाईंनी इतकी वर्षं शिकवलं होतं, तेव्हा हात थांबणार कुठे?

वहिनींच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. आता त्या रडणार, अशी बाईंची खात्री झाली. पण वहिनी हसू लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्या गोधडीवरच बसल्या.

"बाई, हे खिसे सोडले तर यात आमचं काहीच नाही ना?"

बाईंची मान खाली गेली. मग त्यांनी सगळं सांगितलं: पिशव्या, लाँड्रीवाला, त्रिकोण, खिसे. सांगताना त्यांना आपला आवाज वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखा वाटला.

वहिनी म्हणाल्या की जिन्यातच त्यांना कळलं होतं. आणि बिस्किटी रंग तर त्यांच्या यजमानांनी जन्मात अंगाला लावला नसता. मग त्या थोड्या गंभीर झाल्या.

"खरं सांगू? मला ही गोधडी नकोच होती. वर्षभर जो तो मला त्यांचंच काहीतरी आणून देतोय. कोणी फोटो मोठा करून, कोणी फ्रेम करून. भिंतीवर जागा उरली नाही. शर्ट तरी घरातून जावेत असं वाटत होतं, पण टाकायला हात होईना. तुम्ही इतक्या उत्साहाने आलात, तुम्हाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, आता रात्री पांघरायलाही तेच."

"मग ही राहू दे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"राहू दे कशाला? ही हवीये मला. ही नुसती गोधडी आहे. हिच्यात झोप लागेल." गोधडीची घडी घालत त्या यजमानांकडे वळल्या. "आणि भाऊजी, ते जाकीट काढा आधी. शर्ट घाला ते. जिन्यातून जातायेताना दिसले तर मला बरंच वाटेल. सकाळी दचकले, तेवढंच."

यजमानांनी छातीवर गडद चौकोन असलेला निळा शर्ट घातला आणि गोधडी स्वतः उचलून खाली नेऊन दिली. बाई मात्र बराच वेळ रिकाम्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. ज्या ज्या घरी त्यांनी गोधड्या पोचवल्या होत्या, त्या त्या घरच्या लोकांचे चेहरे त्यांना एकामागून एक आठवू लागले, आणि त्यात भरून आलेले नेमके कोणते, हे आता सांगता येईना.

चारआठ दिवसांनी यजमान पेपर आणायला म्हणून गेले ते बऱ्याच वेळाने परत आले. कुठे होता, असं बाईंनी मुठी सोडून, मान वर करून विचारलं. वहिनींकडे, ते म्हणाले. सहज गेले होते. गोधडी कॉटवरच होती. आपल्या आकाशी शर्टाच्या तुकड्यांवर हात ठेवून थोडा वेळ बसले. वहिनींनी चहा केला.

"काही बोलल्या?" बाईंनी विचारलं.

"धीर दिला," यजमान म्हणाले. "म्हणाल्या, पहिलं वर्ष जड जातं."