जोड धरतोय ना?

आमचे शेजारी अण्णा खोपकर कोटाच्या खिशात हातोडी घेऊन फिरत. ट्रामच्या बाकाला लोखंडी जोड दिसला, हाण हातोडी. वाडीच्या फाटकाला दिसला, हाण. मग कान लावून निकाल द्यायचे, "कच्चा आहे." एका लग्नात तर अक्षता पडतात न पडतात तोच नवरदेवाला विचारलं, "काय, जोड धरतोय ना?" मुलीच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला!

लढाईच्या काळात अण्णा गोदीत वेल्डर होते. पुढे कचेरीत कारकुनी मिळाली आणि वेल्डिंगची कांडी हातातून सुटली ती पेन्शनीपर्यंत. पेन्शन झाल्यावर एके दिवशी म्हणाले, "हौस म्हणून पुन्हा वेल्डिंग करणार. मशीन निवडायला तू चल."

आता मला विजेतलं काय कळतं? बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच. पण आपला सल्ला कुणाला तरी हवाय म्हटल्यावर माणूस फुगतो. मी तर आधीच फुगलेला. चाळीचा जिना माझ्या पायाखाली कण्हतो, आणि पोरं 'आला रणगाडा' म्हणत वाट सोडतात.

"पण अण्णा, ठेवणार कुठे मशीन? आपल्याकडे कुणी इस्त्री लावली तरी मजल्याचा फ्यूज जातो."

"ते नंतर बघू. आधी मशीन."

झालं! दर रविवारी माझी दुपारची झोप मोडून आम्ही निघायचो. आतून बाजेवरून वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, आवाज यायचा, "वाटेत मोर्चा दिसला तर नीट बघून या. सगळं सांगायचं मला." संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात पदर खोचून पुढे असायच्या वहिनी. एका दुखण्यात त्यांचे पाय गेले. खालून मोर्चा जायचा, घोषणा ऐकू यायच्या, आणि वहिनी आढ्याकडे बघत पडलेल्या. मी एकदा म्हटलं, "आम्ही चौघं उचलून गॅलरीत आणतो की!" तर म्हणाल्या, "चौघांनी एकदाच उचलायचं असतं, भावोजी. इतक्यात नको."

नळबाजाराकडे छगनभाईंचं जुन्या यंत्रांचं दुकान होतं. अण्णा पिशवीतून स्वतःचे नळीचे तुकडे काढायचे, डोळ्यांपुढे काळी काच धरायचे आणि म्हणायचे, "जोडून बघितल्याशिवाय मशीन घेत नाही." पहिल्या दिवशी कांडी लोखंडाला जी चिकटली, ती सुटेचना. "मशीन रागीट आहे," अण्णांनी निकाल दिला. "माझ्या हाताची सवय सुटलीय. मला समजूतदार मशीन पाहिजे." पुढच्या रविवारी दुसरं मशीन. ते फार गुरगुरतं. तिसरं जिन्यातून चढणार नाही. जोड मात्र रविवारगणिक सुधारत होते. जोड झाला की तो दोन विटांवर ठेवून मला म्हणायचे, "उभा राहा यावर." मी उभा राहायचो. मग अण्णा तो तुकडा गोणपाटात गुंडाळून खुशीत घरी न्यायचे.

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. "अण्णा, पुरे झालं! बायको शोधतानासुद्धा माणूस इतक्या मुली नाकारत नाही. घ्या एखादं, नाहीतर मी चाललो घरी!"

छगनभाई हसले. "सेठ, त्येला मसीन नाय पायजे. त्येला खुरसी पायजे."

त्यांनी मागून दोन चाकं आणली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "बाबागाडीची हाय. भाभीला चालेल. पैसा नको, अन्ना."

मी बघतच राहिलो. त्या गोणपाटातले तुकडे म्हणजे पाय, पाठ, हात! दर रविवारी मशीन पारखण्याच्या नावाखाली या गृहस्थांनी खुर्ची जोडत आणली होती. आणि मला काय सल्ल्यासाठी नेत होते? छे! वजनासाठी!

"तुझं वजन पेललं म्हणजे हिची काळजी नाही," अण्णा ओशाळून म्हणाले.

"अहो, मग एखाद्या कारागिराला सांगायचं!"

"दुसऱ्याचा जोड? आणि ही बसलेली असताना सुटला तर?" त्यांनी चाक उगाच फिरवून बघितलं. "म्हणून तर घरी बोललो नाही. आधी आशा लावायची आणि जोड धरला नाही, तर कुठल्या तोंडाने सांगू रे तिला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. पुढच्या रविवारी घरचे तुकडे दुकानात आणून खुर्ची उभी केली, चाकांचा जोड झाला आणि न सांगता मी खुर्चीत बसलो, दोन उड्याही मारल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सकाळी वाडीतून लेझीम निघाली. सगळी चाळ कठड्याला लोटली होती. मागून चाकांचा आवाज आला आणि लोकांनी आपोआप वाट करून दिली. वहिनी नवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खाली गुलाल उडत होता. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपली गल्ली बघितली आणि घळाघळा रडल्या, रडता रडता घोषणाही दिली. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या, लपवायचं कशाला?

अण्णा मात्र पाठीमागे वाकून जोडाला कान लावून बसलेले.

"अहो, इकडे बघा की! आणि सोडा ती खुर्ची. नाही पडत मी."

"हो, हो," अण्णा म्हणाले. लेझीम कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तरी त्यांनी खुर्ची सोडली नव्हती.