मखमली पेटीतलं जेवण

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. शाळा लवकर सुटली (शाळेनेच तुला सोडलं, असं बाबा म्हणायचे), त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मी अंदाजाने ठरवतो. भारी शब्दही मला येत नाहीत. मी गाद्या भरतो. आमच्या कामाला शब्द लागत नाहीत, कापूस लागतो. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गोष्ट मात्र झाली तशीच लिहितो आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

मला एक आत्या आहे. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तिच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावरची वाहतूक आपणच चालवतो अशी तिची समजूत आहे. समजूत अगदीच चुकीची नाही. कुणी गाडी वाकडी लावली की ती वरून खाकरते, आणि तो माणूस मान वर करून बघतो आणि गाडी सरळ करतो. मला ती लहानपणापासून 'कापूस' म्हणते, कारण मी पडलो तरी आवाज होत नाही.

दर रविवारी मी तिच्याकडे जातो. तिचं जेवण म्हणजे सकाळी दुधात पाव आणि संध्याकाळी पावावर दूध.

"आत्या, काहीतरी गरम करून खात जा गं."

"एकटीसाठी कोण एवढा खटाटोप करणार? आणि मग भांडी घासायला तू येणार आहेस का?"

मी विषय बदलायचो. (मी स्वतः एका खोलीत एकटा राहतो आणि काय खातो ते इथे सांगण्यासारखं नाही.)

एक दिवस तिला खरंच गरम खावंसं वाटलं. तिने बटाटे गॅसवर ठेवले आणि जरा खिडकीशी गेली. नेमके त्याच वेळी खाली दोन ड्रायव्हर भांडत होते. कोणाचं चुकलं ते ठरवेपर्यंत बटाट्यांचा कोळसा झाला. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांचं नाक अजून नोकरीवर आहे. त्यांनी वर येऊन गॅस बंद केला आणि खाली जाऊन आत्याच्या मुलाला फोन लावला.

आत्याचा मुलगा म्हणजे आमचा दादा. मोठ्या कंपनीत साहेब आहे. फोनवर तो नोटीस वाचल्यासारखं बोलतो. त्याने आत्याला सांगितलं, "पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. तू रोज गरम जेवण करतेस आणि घर पेटवत नाहीस हे मला डोळ्यांनी दिसलं तर राहा. नाही तर सामान बांध आणि आमच्याकडे चल."

आत्याने फोन ठेवला. खाली कुणीतरी गाडी आडवी लावली. ती खाकरली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

"आत्या, दादाकडे काय वाईट आहे?"

"काहीच वाईट नाही रे. सगळं चकचकीत आहे. फक्त खिडकी उघडत नाही."

मी ठरवलं, आत्या कुठेही जाणार नाही. तिच्या गरम जेवणाची सोय मी करणार. (मला स्वयंपाक येत नाही, ही गोष्ट ठरवताना लक्षात आली नाही. ठरवताना माझ्या फारसं काही लक्षात येतच नाही.)

आधी विजेची किटली आणून दिली. आत्याने तिच्यात अंडं उकडलं आणि मग चहा केला. चहाला अंड्याचा वास आला. मग पाकिटातलं सूप आणलं. ते तिने चमचाभर चाखलं आणि विचारलं, "मी आजारी आहे का?" मी नाही म्हणालो. "मग हे का?"

मार्ग सापडला तो कारखान्यात. मालकांचा चहाने भरलेला डबा सकाळी माझ्या हातून कापसाच्या ढिगात गेला. संध्याकाळी गादी भरताना तो हाताला लागला. मालकांनी आधी मला बोल लावले, मग झाकण उघडलं, आणि मग बोलायचे थांबले. चहा गरम होता. त्यांनी तो उभ्याउभ्या संपवला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पातेलं गॅसवर थोडा वेळ उकळायचं, गॅस बंद करायचा आणि ते चारी बाजूंनी कापसात बसवायचं. आतल्या आत शिजत राहणार. लक्ष ठेवायला नको, करपायला नको, भांडणं बघायला दोन्ही डोळे मोकळे.

मी एक लाकडी पेटी घेतली आणि आतून कापसाने ठासून भरली, मधे पातेल्याएवढा खड्डा ठेवला. इथवर सगळं ठीक होतं. पण मी पडलो गादीवाला. नुसती पेटी मला बघवेना. झाकणावर जाड गादी बसवली. तिच्यावर सोफ्याच्या कामातून उरलेली लाल मखमल ओढली, कडेने गोट लावला, मधे बटणं टाचली. पेटी तयार झाली तेव्हा ती बघून कुणालाही एकच गोष्ट सुचली असती, बसावं. फक्त ते माझ्याच लक्षात आलं नाही.

आत्याने पेटी सगळीकडून फिरून बघितली.

"हे काय? पातेल्याचं बाळंतपण?"

"करून तर बघ."

तांदूळ, डाळ, गाजर असं सगळं एकत्र उकळून आम्ही पेटीत ठेवलं. दुपारी उघडलं तर वाफ आली आणि सगळं मऊ शिजलेलं. आत्याने एक घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला. नंतर पूर्ण आठवडा पातेलं पेटीत गेलं की ती मला सांगायची, "निजलंय, हळू बोल." (मी तसाही हळूच बोलतो.)

रविवार उजाडला. मी सकाळीच पोहोचलो. आत्याची दोन पातेली एकसारखी आहेत, जोडीने घेतलेली. एका शेगडीवर जेवण उकळत होतं. दुसरीवर तिचे पाय शेकायला पाणी तापत होतं. आत्या पलंगाखालून झाडत होती.

"कापसा, गॅस बंद कर. जेवण पेटीत ठेव आणि पाणी न्हाणीघरात."

मी गॅस बंद केला. हाताला चटका बसू नये म्हणून एक पातेलं टॉवेलात गुंडाळलं. दुसरं उघडं दिसलं म्हणून तेही गुंडाळलं. आमच्या धंद्यातली सवयच ती, दिसेल ते गुंडाळायचं आणि गाठ पक्की मारायची. मग दोन गाठोडी समोर घेऊन उभा राहिलो. दोन्ही गरम, दोन्ही जड. कुठल्यात काय ते कळेना. गाठ सोडली असती तर कळलं असतं, पण आतून आत्या ओरडली, "उघडू नकोस हं, वाफ जाईल." मग मी अंदाज केला. माझ्या अंदाजाबद्दल सुरुवातीलाच सांगितलं आहे.

"पाय शेकून घे," मी म्हटलं.

"आज राहू दे पाय. केस विंचरू की पाय शेकू?"

जेवणाच्या वेळेला दादा आणि वहिनी आले. दादा कमरेवर हात ठेवून जिना चढला, कारण सकाळपासून गाडी चालवून त्याची कंबर धरली होती. आल्याआल्या त्याने गॅसला हात लावून बघितला.

"आई, शेगडी थंड आहे."

"मग? पेटवून ठेवू?"

"जेवण कुठाय?"

"वाढेन तेव्हा दिसेल. बसा तुम्ही. मी नर्सबाईंकडून ताटं घेऊन येते, माझ्याकडे एकटीपुरतीच आहेत." जाताजाता तिने मला दाराशी गाठून बजावलं, "पेटीचं तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मी उघडून दाखवणार. त्याचं तोंड मला बघायचंय."

ती गेली. वहिनी खुर्चीवर बसल्या. दादाने खोलीभर नजर फिरवली आणि लाल मखमलीवर बसला.

मी उभाच होतो. एक अक्षर बोलायचं नव्हतं.

"काय रे कापसा, हे तू केलंयस?"

मी मान हलवली.

"छान आहे रे." तो जरा हलला. "गरम लागतंय."

"नवीन कापूस आहे," मी म्हटलं.

"नवीन कापूस गरम असतो?"

"पहिले काही दिवस असतो."

दादाने त्यावर विचार केला. त्याच्या कपाळावर घाम आला. वहिनींनी उठून त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, अंग गरम लागतंय तुमचं."

"अंग नाही गं. खालून येतंय."

दादा अंगाने भरलेला आहे. तो नीट टेकून बसला तसं झाकण दबलं, आतली वाफ कुठूनतरी वाट काढत निघाली आणि खोलीत एक लांबलचक आवाज झाला.

वहिनींनी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. तो मोठ्या कंपनीत साहेब आहे आणि मी गाद्या भरतो.

"मी," मी म्हणालो.

वहिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आत्या ताटं घेऊन आली आणि दारातच थबकली.

"ऊठ."

"आई, थोडा वेळ बसू दे. कंबर मोकळी होतेय माझी."

"अरे, तू जेवणावर बसलायस."

दादा उठला. आत्याने ताटं टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि दुकानाचं उद्घाटन करावं तसं झाकण उचललं. मी गाठोडं बाहेर काढलं, टॉवेलाची गाठ सोडली. भपकन वाफ आली. "बघ," आत्या म्हणाली, "गॅस थंड आणि जेवण गरम." आम्ही चौघंही वाकलो.

पातेल्यात पाणी होतं. अगदी स्वच्छ. तळावरचा पोचासुद्धा दिसत होता.

वहिनी हात धुवायला न्हाणीघरात गेल्या, आणि आतून त्यांचा शांत आवाज आला, "आई, इथे पाटावर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं आहे, उघडलं तर आत भात. तो कुणासाठी?"

दादा खुर्चीवर बसला. आता त्याचा आवाज नोटिशीचाही नव्हता, त्यामुळे तो जास्त वाईट वाटला.

"आई, जेवायला पाणी आणि न्हाणीघरात भात. आता तूच सांग. सामान बांध, चल."

चूक माझी होती हे मला सांगायचं होतं, पण त्या दुपारी एक गोष्ट मी आधीच स्वतःवर घेतली होती आणि दुसरी घ्यायची हिंमत उरली नव्हती.

"बांधते," आत्या म्हणाली. "पण उपाशीपोटी सामान कोण बांधतं? आधी जेवून घेऊ."

मग ती ओट्याशी गेली. पेटीतलं कढत पाणी तिने वाया जाऊ दिलं नाही, त्यात सरळ तांदूळ वैरले. "तू, साहेबा, बटाटे सोल. सूनबाई, कांदा. बारीक हवा हं, ऑफिसच्या कँटीनसारखा नको. कापसा, तू कशालाही हात लावू नकोस." दादा जाऊन परत मखमलीवर बसला आणि मांडीवर ताट घेऊन बटाटे सोलू लागला. आत्या एका हाताने टोमॅटो परतत होती, दुसऱ्या हाताने अंडी फोडत होती, आणि सालं जाड काढली म्हणून दादाला, कांदा मोठा चिरला म्हणून वहिनींना आणि नुसताच उभा आहे म्हणून मला बोलत होती. मधेच खिडकीशी जाऊन एकदा खाकरून आली. काही करपलं नाही.

गरमागरम जेवण समोर आलं. दादाने दोनदा भात घेतला.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुला हे सगळं येतं. मग दूध-पाव कशाला?"

"एकटीसाठी केलं की मीच रांधायचं, मीच नावं ठेवायची आणि मीच ऐकून घ्यायची. कंटाळा येतो. समोर कुणीतरी लागतं बोलायला."

दादाने घास थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. वहिनींनीही बघितलं. मी तोंडात बटाटा घेऊन मागे बघितलं, तर मागे भिंत होती.

"हा काय खातो रोज?" दादाने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. वहिनींनी चमचा खाली ठेवला.

दादाने निकाल दिला. आत्या इथेच राहील. मी रोज दोन्ही वेळा तिच्यासमोर बसून जेवेन. तिने मला बोलायचं आणि मी ऐकून घ्यायचं. "याच्यात तू हुशार आहेस," तो म्हणाला. गरम जेवणाची सोय अशी झाली. पेटी मात्र तो गाडीत घालून घेऊन गेला, कमरेसाठी. (वहिनी गाडीत बसेपर्यंत माझ्यापासून जरा अंतर ठेवून होत्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आत्याकडे गेलो. रात्रभर मला वाटत होतं की आपण काहीतरी भरपाई करावी. आत्या न्हाणीघरात पाय शेकत होती. मी दूध गॅसवर ठेवलं आणि जरा खिडकीशी गेलो. खाली एकाने गाडी आडवी लावली होती. आत्या आत, म्हणजे जबाबदारी माझी. मी खाकरलो. आवाज निघाला नाही. पुन्हा खाकरलो. त्याने वर बघितलं नाही. घसा नीट साफ करून, खिडकीतून वाकून, मी बऱ्यापैकी मोठ्याने खाकरलो, तेव्हा वर बघितलं ते नर्सबाईंनी, आणि तेही नाक वर करून.

त्या वर आल्या, गॅस बंद केला, खाली गेल्या. थोड्या वेळाने फोन वाजला. आत्या ओल्या पायांनी येऊन बोलली.

"नाही रे, मी नाही. कापूस." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "हो. हो. मलाही तेच वाटतं." तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. मी काळं पातेलं घासत होतो.

"दादा म्हणतोय, याला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. तुझं सामान किती आहे रे?"

"एक गादी," मी म्हणालो. "तीही दबलेली."