देव कळतो कीं नाहीं, या तंट्याची हकीकत

श्रीपरमेश्वर, जो आहे इतकें सर्वांस ठाऊक आणि कैसा आहे याविषयीं मारामारी, त्यास नमन करून वर्तमान ऐसें जे: ख्रिस्ती सन तीनशें साठ, पूर्वेकडील एक बादशाही, तेथें मनुष्यास देव कळतो कीं नाहीं ऐसा तंटा उपस्थित जाहला, आणि न्हावी अर्धी हजामत टाकून वाद घालूं लागले, आणि लोक अर्ध्या दाढीनें प्रार्थनेस जाऊं लागले. त्या शहरीं निकांदर आणि झोसिम ऐसे दोघे धर्माधिकारी, बाळपणचे स्नेही. निकांदरांचे डोळ्यांवर पडदा आला होता, म्हणोन झोसिम रोज सकाळीं त्यांस ग्रंथ वाचून दाखवीत, आणि मग दोघे त्याच ग्रंथावरून भांडत. झोसिम म्हणत, देव पुरता कळतो. निकांदर म्हणत, तिळभर कळत नाहीं. मग दोघे मिळोन अंजीर खात. हें बादशहांचे कानीं गेलें आणि हुकूम जाहला कीं वाद दरबारीं करावा, हरेल त्याणें राज्य सोडावें. निकांदर बोलावयास उभे राहिले, रंग चढला, आणि ऐन वेळेस वचन आठवेना. तों झोसिमांनीं पलीकडून हळूच पुढील शब्द सांगितले, आणि त्याच वचनानें झोसिम हरले. बादशहा जागे होऊन संतोष पावले.

मग रिवाज ऐसा कीं जिंकणारानें शापपत्र वाचावें. निकांदरांनीं कागद नाकाशीं नेला, अक्षर लागेना. झोसिम म्हणाले, "आण इकडे. रोजचेंच काम आहे." आणि आपुला शाप आपणच खणखणीत वाचला. शेवटीं 'हा मनुष्य देवास नकोसा जाहला' ऐसें होतें, तेथें थांबून पुसिलें, "निकांदरा, देव तिळभर कळत नाहीं ना? मग हें रे कसें कळलें?" निकांदर उत्तर जुळवीत राहिले, आणि शिपायांनीं झोसिमांस वेशीबाहेर नेलें. मग निकांदरांस वस्त्रें मिळालीं, आणि सरकारांतून वाचक मिळाला, तो वाचून होतांच "जी, खरें" म्हणे. निकांदरांनीं अर्ज केला कीं आपण हरलों, स्नेही परत आणावा. जबाब आला कीं निकाल दरबारचा आहे, तुमचा नव्हे. आणि मग सरहद्दीवरून झोसिम वारल्याचें वर्तमान आलें. दुसरे सकाळीं वाचन संपलें, निकांदरांनीं अंजिराचे दोन भाग केले, एक समोर सरकविला आणि म्हणाले, "कळलें नव्हतें, झोसिमा."

वाचक म्हणाला, "जी, खरें."

एकूण इतकेंच, कीं देवाविषयींचा तंटा मिटला, आणि त्या घरीं पुन्हा कोणी भांडलें नाहीं.